टेबलावरचं समालोचन

"मोरबाळे, डोळे उघडा. माझा आवाज येतोय का?"

आवाज येत होता. डोळे उघडले तर समोर निळ्या कापडाचा आडोसा आणि त्या आडोशात, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर, स्टुलावर बसलेल्या मुजावर मॅडम. माझं बोलणं तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. मास्कमुळे नुसते डोळे दिसत होते, पण बाई हसतायत हे डोळ्यांवरूनच कळत होतं. मी मान वळवायला गेलो तर मान वळेना. डोकं चिमट्यात आवळून टाकलेलं.

"हलायचं नाही," पाठीमागून डॉक्टर होनरावांचा आवाज आला. "तुमची कवटी उघडलेली आहे."

"दुखत न्हाई की पण."

"मेंदूला दुखत नसतं. कातडीला दुखतं, ती आम्ही बधिर केलीय."

"मग आत काय गावलं का? न्हाई, आमच्या मालकिणीचं म्हणणं हाय की आत कायच नसणार."

खोलीत चार-पाच जण असावेत, सगळे हसले. होनराव हसले की नाही ते दिसलं नाही, पण ते म्हणाले, "भरपूर माल आहे. मालकीणबाईंना मी स्वतः सांगतो." आणि मला एकदम बरं वाटलं. माणसं हसली की मैदान आपलं, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव होता.

मैदान म्हणजे कबड्डीचं. मी सर्जेराव मोरबाळे, राहणार कागलजवळ, धंदा समालोचन. कोल्हापूर, सांगली, सातारा, खाली कोकणात चिपळूणपर्यंत, जिथं कबड्डीचे सामने असतील तिथं भोंग्यातून माझा आवाज. थोडी शेती आहे, पण घर चाललं ते तोंडावर. या धंद्यात एकच पाप असतं: माईक गप्प होणं. खेळाडू चढाईला निघाला आणि त्याचं नाव आठवलं नाही, तर 'आठवत नाही' म्हणायची सोय नसते. 'आला, आला, लाल बनियनमधला ढाण्या वाघ आला' म्हणायचं. वाघ म्हटल्यावर पोरगंही खूश, गावही खूश. नाव नव्हतं हे कुणाला कळतसुद्धा नाही.

आणि मी गप्प झालो तो इस्लामपूरच्या एका अंतिम सामन्यात. शेवटची चढाई, एक गुणाचा फरक, सहा-सात हजार माणूस, आणि माझ्या तोंडातून शब्द येईना. तोंड उघडं, उजव्या गालाला पीळ पडलेला, आवाज नाही. लोकांना वाटलं लाईट गेली. माईकवाला वायरी तपासत बसला. चाळीसेक सेकंदांनी मी परत बोलायला लागलो तेव्हा सामना संपला होता आणि कोण जिंकलं ते मला माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांत फोटो, तपासण्या, आणि मेंदूच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. डॉक्टर होनराव म्हणजे उंच, कोरडा माणूस. एकही शब्द जास्तीचा नाही. मी आणि मालकीण त्यांच्यासमोर बसलो.

"गाठ सावकाश वाढणारी आहे," ते म्हणाले. "जितकी जास्त काढू तितकं पुढचं आयुष्य जास्त. पण ती बोलण्याच्या जागेला चिकटली आहे. म्हणून तुम्हाला जागं ठेवून ऑपरेशन करायचं. तुम्ही बोलत राहायचं, मी काढत राहणार. तुमचं बोलणं अडखळलं की मी तिथं थांबणार."

"थांबला तर?"

"उरलेला तुकडा आत राहील. तो पुढे कधीतरी डोकं वर काढू शकतो."

"मग थांबू नगा. सगळा काढा."

मालकीण तोवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्यांचं काय ऐकू नगा. सगळा काढला आन बोलणं गेलं, तर काय करायचं?"

"म्हणूनच जागं ठेवतोय, ताई."

"आणि त्यात मदतीला या डॉक्टर केतकी देशिंगकर," म्हणत होनरावांनी शेजारी बसलेल्या बाईंकडे हात केला. वय तिशीच्या आसपास, जाड चष्मा, आमच्यापेक्षा त्याच घाबरलेल्या. डॉक्टर म्हणजे औषधाच्या नव्हेत, संशोधनातल्या. त्यांनी एका डबीतून चिमट्यानं काहीतरी उचललं. आधी मला काही दिसलंच नाही. मग उजेडात तिरकं धरल्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढा एक पापुद्रा चमकला. कांद्याचा पापुद्रा त्यापुढे घोंगडी म्हणावा इतका पातळ.

"पेन्सिल कागदावर घासली की काळं उमटतं ना," त्या म्हणाल्या, "त्यातलाच कार्बन आहे हा. फक्त एका अणूच्या जाडीचा थर. खाली मऊ पडदा आहे. त्यावर अडीचशे टोकं आहेत. हा मेंदूवर अंथरला की कुठल्या जागा एकमेकींशी बोलतायत ते मला पडद्यावर दिसतं. तुम्ही एखादा शब्द शोधायला लागलात की तो तोंडात यायच्या आधी मला त्याची हालचाल दिसते."

"पेन्सिल?" मालकीण म्हणाली. "ह्यांच्या डोक्यात?"

"शाळंत माझ्या डोक्यात गेली न्हाई, ती अशी तरी जाऊ दे," मी म्हणालो. केतकी मॅडम पहिल्यांदा हसल्या.

होनराव हसले नाहीत. "हे अजून प्रयोगात आहे. त्यावर विसंबून मी चाकू चालवणार नाही. निर्णय होईल तो तुमच्या बोलण्यावर. तुमच्या तोंडावर माझा हात चालणार आहे, हे लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं, पण माझ्या पद्धतीनं. म्हणजे मी अडखळलो नाही की हा माणूस थांबणार नाही, एवढंच डोक्यात घेतलं. आणि न अडखळणं हा तर माझा धंदा. अर्धी गाठ डोक्यात ठेवून कागलला परत जायचं नाही, असं मी त्याच खुर्चीत बसून ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. मालकिणीनं संमतीच्या कागदावर सही केली. तिची सही म्हणजे एकेक अक्षर जपून लावलेलं रोप. मागं माणसं खोळंबली तरी ती घाई करत नाही.

ऑपरेशनच्या आधी दोन दिवस मुजावर मॅडम मला घेऊन बसल्या. बाई मिरजेच्या, त्यामुळं सूर लगेच जुळला. चित्र दाखवायचं आणि मी 'हा घोडा आहे', 'ही छत्री आहे' असं पूर्ण वाक्य म्हणायचं. चित्रं ऐंशी. त्यात त्यांनी घरचे फोटोही मागवून घेतले होते: आमचा गोठा, थोरली मुलगी, मालकीण. प्रत्येकापुढं मी काय म्हणतो ते त्या कागदावर लिहून घ्यायच्या. ऑपरेशनमध्ये तेच उत्तर आलं तर बरोबर, नाही तर चूक.

"आणि या?" मालकिणीचा फोटो.

"ही आमची मालकीण आहे."

"नावानं नाही हाक मारत?"

"आमच्याकडं कोण मारत न्हाई. माझ्या बाऽनं आईला कधी मारली न्हाई. नावानं हाक मारली तर म्हशी उधळतील."

त्या हसल्या आणि 'मालकीण' असं लिहून घेतलं.

तर असा मी टेबलावर जागा झालो. पापुद्रा मेंदूवर अंथरून झाला होता; केतकी मॅडम माझ्या पायांकडं कुठंतरी त्यांच्या यंत्रापाशी होत्या. होनरावांनी आधी बारीक विजेच्या काडीनं जागा चाचपल्या. एके ठिकाणी काडी टेकली आणि 'हा घोडा' म्हणता म्हणता 'हा' वरच माझं तोंड बंद पडलं, इस्लामपूरसारखं. काडी उचलली, "आहे" बाहेर पडलं.

"ही जागा सोडायची," होनराव म्हणाले. तिथं नंबरची चिठ्ठी ठेवली. अशा तीन चिठ्ठ्या झाल्या. मग गाठ काढायला सुरुवात झाली आणि माझं समालोचन रंगात आलं.

"हा घोडा आहे, आणि ह्याचा लगाम सुटलाय!"

"नुसतं वाक्य पुरे, मोरबाळे."

"ही छत्री आहे, मिरजेतल्या एकाकडनं उसनी आणलेली, परत जायची न्हाई!"

"मोरबाळे!" पण बाईंचे डोळे हसत होते. भूल देणारे डॉक्टर म्हणाले की आमच्याकडं आजवर असला पेशंट आला नाही. मी म्हणालो, येणारही नाही, नोंद करून ठेवा. एक तास गेला, सव्वा तास गेला. मागं सूं सूं असा एक आवाज सतत चालू होता, ओढून घेण्याचा. तेवढं ऐकू यायचं. बाकी जणू दुसऱ्याच कुणाच्या डोक्यात काम चाललंय.

"किती झालं, डॉक्टर?"

"पाऊण भाग निघाला. छान चाललंय. बोलत राहा."

मी फुगलो. सगळी निघणार, मी मनात म्हटलं. हा माणूस थांबणार नाही.

आणि पुढचं चित्र आलं. दोन पाती, दोन कडी, मध्ये खिळा. रोजची वस्तू. शिंपी वापरतो, न्हावी वापरतो, आमच्या घरात चुलीच्या वरच्या फळीवर असते. काय म्हणतात तिला?

एवढा सगळा विचार किती वेळात होतो? निमिषभरात. आणि तोंड गप्प ठेवायची मला सवय नाही. "ही बघा शिंप्याची लाडकी! पाय दोन, पण चालती कापडावर!"

मुजावर मॅडम हसल्या आणि त्यांनी बरोबरची खूण केली. सव्वा तास मी प्रत्येक नावाला शेपूट जोडत आलो होतो. आता नुसतं शेपूट आलं आणि घोडा आलाच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

पुढचं चित्र घड्याळ. 'हे घड्याळ आहे', झक्क आलं. त्याच्या पुढचं चित्र लोखंडाचं, दार लावून त्यात फिरवायची चावी. चावी आठवली, ती ज्यात जाते ते आठवेना. "दाराचा पहारेकरी! चावी दिली की लाच खातो!"

हशा. खूण.

"सर," पायांकडून केतकी मॅडमचा आवाज आला. "टोकांच्या चौथ्या ओळीत काहीतरी होतंय. शब्द शोधताना मागच्या भागाशी जी जोडणी उमटते ना, ती पुसट होतेय."

होनरावांनी मुजावर मॅडमना विचारलं, "रेश्मा?"

त्यांनी कागदावर नजर टाकली. "उत्तरं येतायत, सर. पटापट येतायत."

"मोरबाळे, तुम्हाला काही वेगळं वाटतंय?"

मला सरळ विचारलं होतं. आडपडदा काही नव्हता. मी म्हणालो, "एकदम फस क्लास. येऊ द्या पुढची चढाई."

"ठीक आहे. पुढे जातो," होनराव म्हणाले, आणि सूं सूं पुन्हा सुरू झालं.

खोटं बोलताना मला काही वाटलं नाही, हे आज कबूल करतो. उलट डाव साधल्यासारखं वाटलं. दोन शब्द गेले तर गेले. बाजारात काय कमी शब्द मिळतात? 'शिंप्याची लाडकी' म्हणूनही जगता येतं. गाठ मात्र निघाली पाहिजे, मुळासकट.

तिसरं चित्रही असंच गेलं, विहिरीवरच्या वस्तूचं. तेव्हा मात्र मी जरा चाचपून बघायचं ठरवलं, मनातल्या मनात, कुणाला न कळता. थोरलीचं नाव? पल्लवी. आलं. धाकट्याचं? शंतनू. गावाचं, आईचं, शाळेतल्या मास्तरांचं, गेल्या वर्षीच्या विजेत्या संघाच्या कप्तानाचं, सगळी धडाधड आली. हां, म्हणजे खड्डा फार मोठा नाही. मी निवांत झालो.

आणि मॅडमनी टॅब्लेटवर बोट फिरवलं. मालकीण.

मुलीच्या साखरपुड्यातला फोटो होता. हिरवं लुगडं, कपाळावर घाम, फोटोवाल्यावर वैतागलेली. माझं तोंड आपोआप चाललं: "ही आमची मालकीण आहे."

अगदी कागदावर लिहिलं होतं तेच. बरोबरची खूण झाली. मी तसाच पुढं गेलो असतो, पण आतली चाचपणी अजून चालूच होती. तिचं नाव?

काही नाही.

मी पुन्हा गेलो. लग्नात मी तिचं नाव घेतलं होतं, मंडपात, पोरींनी अडवून धरलं तेव्हा. आयुष्यात तेवढं एकदाच. तो उखाणा मला अख्खा आठवला. 'पंचगंगेचं पाणी खेळतंय उसाच्या मळ्यात, अमुकीनं हार घातला माझ्या गळ्यात.' पाणी आठवलं, मळा आठवला, हार आठवला, हसणाऱ्या पोरी आठवल्या. अमुकीच्या जागी भोकच. संमतीच्या कागदावरची सही आठवली; अक्षरं जपून लावलेली दिसत होती, पण वाचता येईनात.

मला भीती वाटली. इस्लामपूरला वाटली नव्हती, गाठ आहे म्हणाले तेव्हा वाटली नव्हती, इतकी. आणि भीतीच्या मागोमाग एक गोष्ट लख्ख कळली: हे कुणालाच कळणार नाही. मॅडमला कळणार नाही, त्यांच्या कागदावर 'मालकीण' आहे. होनरावांना कळणार नाही. घरी गेल्यावर तिलासुद्धा कळणार नाही. मी तिला 'अगं ए' म्हणेन, 'मालकीण' म्हणेन, मरेपर्यंत म्हणेन, आणि तिला वाटेल की नवरा धडधाकट परत आला. तिचं नाव माझ्या डोक्यातून कायमचं जाईल आणि ते गेलंय हे माझ्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नसेल. बावीस वर्षं ते तिथं होतं. मी घेतलं नाही, कारण कधीही घेता येईल असं होतं.

सूं सूं चालू होतं.

माझा उजवा हात मोकळा होता. मी तो वर केला.

"थांबा," मी म्हणालो. "डॉक्टर, थांबा. मी फसवायलोय तुम्हाला."

आवाज बंद झाला. "काय झालं?"

"मगाधरनं फसवायलोय. ती शिंप्याची... तिचं नाव आलं न्हाई मला. दाराचं आलं न्हाई. विहिरीवरचं आलं न्हाई. मी आपलं कायबाय बोलत हुतो."

"आणि आत्ता?"

"आत्ता आमच्या मालकिणीचं नाव येईना."

कुणी हसलं नाही. मुजावर मॅडमचे डोळे आधी माझ्याकडं, मग कागदाकडं गेले. त्यांनी तिथल्या तीन खुणा खोडल्या. बाई खमकी. "सर," त्या स्पष्ट म्हणाल्या, "मी तीन उत्तरं चुकीची बरोबर धरली. नाव न येता नुसतं वर्णन आलं होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

होनरावांनी काहीतरी ट्रेमध्ये ठेवल्याचा खणखणाट झाला. "केतकी, चौथी ओळ कधीपासून पुसट आहे?"

"साडेचार मिनिटं झाली, सर."

"मग मला ओरडून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, सर."

 होनराव आडोशाच्या कडेनं वाकले आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे मला अगदी जवळून दिसले. "मोरबाळे, मी एवढ्या माणसांचे मेंदू उघडले. मला फसवणारा तुम्ही पहिलाच. का केलंत असं?"

"तुम्ही थांबला असता."

"थांबलोच असतो. आणि आता थांबतोय. इथं वालाच्या दाण्याएवढा तुकडा उरलाय. तो तुमच्या शब्दांच्या वाटेवर बसलाय. त्याला हात लावला तर काय काय जाईल ते मी सांगू शकत नाही. तुम्ही जागे आहात, शुद्धीवर आहात. बोला. काढू की ठेवू?"

मी मोठ्या दिमाखात ठरवून आलो होतो, सगळी काढायची. आता ते बोलायला तोंड वळेना.

"ठेवा," मी म्हणालो. "हाय तिथं बसू दे त्याला. आपलं नाव-गाव तेवढं राहू दे."

"गेलेले शब्द परत येतील?" मुजावर मॅडमनी माझ्या वतीनं विचारलं.

"बहुतेक येतील. धक्का बसलाय, तुटलं नसावं. पण खात्री देत नाही."

"मालकीणबाईंचं नाव माझ्या फाईलवर आहे, मोरबाळे," मॅडम हळूच म्हणाल्या. "सांगू?"

"अजिबात सांगू नगा," मी म्हणालो. "मी आणतो माझं मी."

मग त्यांनी पापुद्रा उचलला, कवटी बंद करायला घेतली आणि मला पुन्हा झोपवलं. झोप येईपर्यंत मी उखाणा म्हणत होतो. मळ्यापर्यंत जायचो आणि परत फिरायचो.

तो वालाचा दाणा अजून आहे. या घटनेला नऊ वर्षं झाली. आधी सहा महिन्यांनी, आता वर्षानं, मी पुण्याला जातो, यंत्रात झोपतो, होनराव फोटो बघून मान हलवतात. दाणा आहे तिथं आहे. त्याला औषधं दिली, किरणं दिली. तो वाढला नाही, मीही त्याला डिवचत नाही. केतकी मॅडमच्या पापुद्र्याची आता ऑपरेशनच्या खोलीत वेगळी पत आहे. चौथी ओळ पुसट झाली की त्या ओरडतात, आणि होनराव थांबतात. मुजावर मॅडमनी चित्रांच्या तपासणीत एक नियम नवा घातला: पेशंट कितीही गमतीदार असला तरी आधी नाव, मग गंमत. आणि घरच्या माणसाच्या फोटोला नात्याचं नाव चालत नाही, पाळण्यातलं लागतं. माझं समालोचन चालू आहे. मैदानावर माझा माईक परत गप्प झालेला नाही.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी जागा झालो तो अतिदक्षता विभागात. डोक्याला पागोट्याएवढं बँडेज, नाकात नळी, तोंडाला कोरड. नर्सबाईंनी विचारलं, बरं वाटतंय का, मी हो म्हणालो. आवाज होता. नर्सच्या खिशातून ती वस्तू डोकावत होती, दोन पात्यांची. मी तिच्याकडं बघत राहिलो. कात्री. आली! कात्री, कात्री, कात्री. मग कुलूप आलं. रहाट यायला जरा वेळ लागला, पण तोही आला. पुढं जायचं धाडस मात्र होईना. मी उखाण्याकडं गेलोच नाही, कारण गेलो आणि भोक तसंच असलं तर?

चार वाजता एकेका नातेवाइकाला आत सोडायला लागले. मालकीण आली. पायांत त्यांनी दिलेल्या निळ्या पिशव्या, अंगावर हिरवा डगला, त्यातून लुगड्याचा बोंगा बाहेर. सकाळपासून काही खाल्लं नसावं. ती खाटेजवळ आली आणि नुसती उभी राहिली. बाहेर तिला डॉक्टरांनी सगळं सांगितलं असणार, किंवा काहीच सांगितलं नसणार, चेहऱ्यावरून कळेना. बोलणं राहिलंय की गेलंय, हे तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. तिनं खाटेचा दांडा धरला होता.

"अहो," ती म्हणाली. "वळखलंसा का?"

मी तोंड उघडलं. उखाणा नाही, पंचगंगा नाही, मळा नाही. सरळ तिच्याकडं बघितलं आणि आत हात घातला.

"वैजयंता," मी म्हणालो.

ती दचकली. इकडं तिकडं बघितलं, खोलीत दुसरी कुणी वैजयंता आहे का म्हणून. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं, "वैजयंता, जवळ ये की."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पायांतल्या निळ्या पिशव्या फरफटत ती दाराकडं पळाली आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो सिस्टर, डॉक्टरला बोलवा लवकर! ह्यांच्या डोक्यात कायतरी चुकलंय, मला नावानं हाक मारायलेत!"